विग्नर यांचा मित्र

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये एक चमत्कारिक पुस्तक निघाले. त्याचे संपादक आय. जे. गुड हे संख्याशास्त्रज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्लेचली पार्कमध्ये ॲलन ट्युरिंग यांच्याबरोबर जर्मन गुप्तसंदेश फोडण्याचे काम केले होते. शास्त्रज्ञांच्या डोक्यात वर्षानुवर्षे घोळणाऱ्या, पण शोधनिबंध म्हणून कुठे पाठवायची हिंमत होत नाही अशा कल्पना त्यांना गोळा करायच्या होत्या. पुस्तकाच्या उपशीर्षकातच त्यांनी या कल्पना 'अर्ध्याकच्च्या' असल्याचे सांगून टाकले होते. याच पुस्तकात प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांचा मन आणि शरीर यांच्या नात्यावरचा एक छोटा लेख आहे. क्वांटम भौतिकीचे नियम पूर्ण सुसंगतपणे मांडायचे तर जाणिवेचा उल्लेख टाळता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष.

'विज्ञानाने चैतन्य सिद्ध केले' असे म्हणणाऱ्या व्याख्यानांत गेली कित्येक वर्षे या लेखाचा दाखला दिला जातो. आपल्याकडेही दिला जातो. विग्नर यांनी पुढे हे मत सोडले, हे मात्र त्या व्याख्यानांत सहसा येत नाही. त्यांनी ते कोणाच्या दबावाखाली सोडले नव्हते, आणि सोडण्यामागचे एक कारण तर तेच होते ज्यापायी त्यांनी ते मांडले होते.

विग्नर यांचा पिंड गूढवाद्याचा नव्हता. १७ नोव्हेंबर १९०२ला बुडापेस्टमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील कातडी कमावण्याच्या कारखान्याचे व्यवस्थापक. अकराव्या वर्षी डॉक्टरांनी क्षयाचे निदान केले आणि मुलाची रवानगी ऑस्ट्रियातल्या डोंगरावरच्या आरोग्यधामात झाली. तिथे खुर्चीवर पडून दिवस काढताना त्याला गणिताच्या कोड्यांचा नाद लागला. पुढे शाळेत लास्लो राट्स नावाचे गणिताचे शिक्षक भेटले. त्यांची तसबीर नोबेल मिळाल्यानंतरही विग्नर यांच्या प्रिन्स्टनच्या खोलीत होती. एक वर्ग मागे जॉन फॉन नॉयमन होता. असा मुलगा शाळेत असल्यावर स्वतःला गणिती म्हणवून घेणे अवघडच, ही खंत विग्नर यांनी आयुष्यभर हसत हसत बोलून दाखवली.

'मला भौतिकशास्त्रज्ञ व्हायचे आहे,' असे मुलाने सांगितल्यावर वडिलांनी व्यवहारी प्रश्न केला: हंगेरीत अशा किती जागा आहेत? मुलाने जरा वाढवून उत्तर दिले: चार. मग रासायनिक अभियांत्रिकी ठरली आणि बर्लिन गाठले. पण तिथल्या साप्ताहिक चर्चासत्राला पहिल्या रांगेत आइन्स्टाइन, प्लांक, फॉन लाउए आणि नेर्न्स्ट बसत. १९२५मध्ये मायकेल पोलान्यी यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून विग्नर वडिलांच्या कारखान्यात परत गेले खरे, पण कातड्यांच्या ढिगात बसून ते जर्मन भौतिकीचे नियतकालिक वाचत राहिले. नव्या क्वांटम सिद्धांताचे पहिले निबंध त्यांनी तिथेच वाचले. वर्षभरात ते पुन्हा बर्लिनमध्ये होते.

त्यानंतरची त्यांची कामगिरी भरभक्कम आहे. सममितीचे गणित, म्हणजे ग्रूप थिअरी, अणूंच्या अभ्यासात आणणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांपैकी ते एक. बुजुर्गांनी या गणिताची 'ग्रूपची साथ' म्हणून टिंगल केली, पण दहा-वीस वर्षांत त्याच्यावाचून कोणाचे पान हलेना. १९३०मध्ये ते आणि नॉयमन प्रिन्स्टनला गेले. जुलै १९३९मध्ये विग्नर यांनीच गाडी चालवत लिओ झिलार्ड यांना लाँग आयलंडवरच्या आइन्स्टाइन यांच्या सुट्टीच्या घरी नेले. झिलार्ड यांना गाडी येत नव्हती. त्या भेटीतून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना गेलेल्या सुप्रसिद्ध पत्राची सुरुवात झाली. २ डिसेंबर १९४२ला शिकागोत पहिली अणुभट्टी चालली तेव्हा विग्नर यांनी जपून ठेवलेली इटालियन वाइनची बाटली काढली आणि सगळ्यांनी कागदी पेल्यांतून ती वाटून घेतली. हॅनफर्डच्या प्रचंड, पाण्याने थंड होणाऱ्या अणुभट्ट्यांची मूळ कल्पना त्यांच्या गटाची. रासायनिक अभियंता झाल्याचा त्यांना इथे खरा उपयोग झाला, आणि ड्यूपाँ कंपनीच्या अभियंत्यांशी ते आराखड्यांवरून भांडूही शकले. १९६३मध्ये भौतिकीचे नोबेल आले, निम्मे विग्नर यांना आणि निम्मे मारिया गेपर्ट मायर व हान्स येन्सेन यांना विभागून. यातले येन्सेन पुढे आपल्या गोष्टीत पुन्हा येणार आहेत.

राजकारणात ते कट्टर कम्युनिस्टविरोधी होते. अणुयुद्ध झालेच तर नागरिकांना भूमिगत निवाऱ्यांत कसे वाचवायचे, याचा अभ्यास त्यांनी हौसेने केला. ध्यानधारणा करणाऱ्या प्राध्यापकाचे चित्र या माणसाला चिकटवता येत नाही. तरीही जाणिवेचा प्रश्न त्यांनी हाती घेतला, कारण तो त्यांना समीकरणातच दिसला.

समीकरण श्रोडिंगर यांचे. अणूची अवस्था काळाबरोबर कशी बदलते ते हे समीकरण अचूक सांगते आणि दोन शक्यता असतील तर दोन्हींचे मिश्रण पुढे नेत राहते. त्या मिश्रणातून एक शक्यता निवडण्याची तरतूद त्यात कुठेही नाही. प्रयोगशाळेत मात्र दर वेळी एकच उत्तर मिळते: ठिणगी दिसली किंवा दिसली नाही. मग निवड कधी होते आणि कशामुळे?

१९३२च्या आपल्या ग्रंथात नॉयमन यांनी हा पेच पहिल्यांदा काटेकोरपणे मांडला. अणू मोजणारे उपकरण स्वतःही अणूंचेच बनलेले, म्हणून तेही मिश्रणात ओढले जाते. उपकरणाकडे पाहणारा डोळा, डोळ्यातून निघणारी मज्जा, मेंदू, सगळ्यांची तीच गत. साखळी कुठेही तोडा, भाकिते तीच येतात, हे नॉयमन यांनी सिद्ध केले. शेवटी उरतो तो पाहणारा 'मी', आणि तो समीकरणाच्या बाहेर. एवढे सांगून नॉयमन थांबले. १९३९मध्ये पॅरिसमध्ये फ्रित्स लंडन आणि एडमाँ बाउअर यांनी एका छोट्या फ्रेंच पुस्तिकेत पुढचे पाऊल टाकले. लंडन हे हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले भौतिकशास्त्रज्ञ, पण त्यांची पहिली डॉक्टरेट तत्त्वज्ञानाची. निरीक्षकाला स्वतःच्या अवस्थेचे भान असते आणि त्या भानामुळेच साखळी तुटते, असे त्यांचे म्हणणे. युद्धाच्या गदारोळात ही पुस्तिका फारशी कोणी वाचली नाही. विग्नर यांनी वाचली.

नॉयमन १९५७मध्ये कर्करोगाने गेले. चार वर्षांनी विग्नर यांनी साखळीत एक माणूस घातला.

कल्पना अशी. प्रयोगशाळेचे दार बंद आहे. आत एक अणू आहे. तो प्रकाशाची ठिणगी टाकेल किंवा टाकणार नाही. आत पाहायला विग्नर यांचा एक मित्र बसला आहे. विग्नर बाहेर आहेत. समीकरण बाहेरून लावले तर अणू आणि मित्र मिळून एक मिश्र अवस्था होते: 'ठिणगी पडली आणि मित्राने पाहिली' अधिक 'ठिणगी पडली नाही आणि मित्राला काही दिसले नाही'. विग्नर दार उघडून विचारतात, काय दिसले? मित्र सांगतो, ठिणगी दिसली. इथवर सगळे ठीक. आता दुसरा प्रश्न: मी विचारण्याच्या आधी तुला काय वाटत होते? मित्र म्हणणार, 'सांगितले ना, दिसली होती म्हणून.' म्हणजे मित्राच्या मनात प्रश्न कधीच सुटला होता. पण समीकरणाचे ऐकायचे तर विग्नर विचारीपर्यंत मित्र अधांतरी लटकत होता.

मित्राच्या जागी दुसरा अणू असता तर तो मिश्रणात आहे असे मानायला काही हरकत नव्हती. तसे प्रयोगांत दिसतेही. जित्याजागत्या मित्राबद्दल हे म्हणणे विग्नर यांना मूर्खपणाचे वाटले. मित्राला माझ्यासारखेच मन आहे हे नाकारणे माणसाला साजणारे नाही, असा त्यांचा मुद्दा. म्हणजे समीकरण कुठेतरी संपते. अणूपाशी ते संपत नाही आणि मित्रापाशी चालत नाही. तर मग जाणीव असलेल्या प्राण्याची क्वांटम सिद्धांतातली भूमिका निर्जीव उपकरणापेक्षा वेगळी असली पाहिजे.

या युक्तिवादात मनाच्या सामर्थ्याचा गौरव कुठेही नाही. मनाने पदार्थ हलवता येतो किंवा इच्छाशक्तीने रोग बरा होतो, यातले विग्नर काहीच म्हणत नव्हते. दाराच्या आतल्या माणसालाही माझ्याइतकेच अस्तित्व आहे, एवढाच त्यांचा आग्रह होता. या गृहस्थांच्या सौजन्याच्या दंतकथा प्रिन्स्टनमध्ये प्रसिद्ध होत्या. दारातून त्यांना आपल्या आधी पुढे जायला लावणे कोणालाच जमले नाही असे म्हणत. एका लबाड माणसावर ते एकदाच संतापले आणि 'कृपा करून नरकात जा' असे म्हणाले, असाही किस्सा आहे. किस्से खरे असोत वा खोटे, मित्राला अधांतरी ठेवायला हा माणूस तयार झाला नसता, हे मात्र लेख वाचताना पटते.

लेखात आणखी एक युक्तिवाद आहे, थोडा दुबळा. एका वस्तूचा दुसरीवर परिणाम होतो आणि उलट मात्र होत नाही, असे भौतिकीत आढळत नाही. मद्याने मन बदलते हे तर सगळे मान्य करतात. मग मनाचाही पदार्थावर काही परिणाम असला पाहिजे. कसा, ते विग्नर यांनाही माहीत नव्हते. सममितीवर आयुष्य घालवलेल्या माणसाला ही एकेरी वाहतूक खटकणे स्वाभाविक होते.

त्याच प्रिन्स्टनमध्ये ह्यू एव्हरेट या तरुण विद्यार्थ्याने काही वर्षे आधी जवळपास हाच प्रसंग आपल्या प्रबंधाच्या लांब मसुद्यात मांडला होता. त्याने उलटा रस्ता धरला: समीकरण कुठेच संपत नाही, दोन्ही शक्यता खऱ्या, आणि मित्रही दोन. विग्नर यांना ते मानवणारे नव्हते.

कोपनहेगनच्या परंपरेतल्या मंडळींना दोन्ही अमान्य. नील्स बोर यांचे निष्ठावान सहकारी लिऑन रोझेनफेल्ड यांचा तर संताप झाला. बोर यांच्या विचारात मनाबिनाचा संबंध नाही, हे ते ठासून सांगत. १९६२मध्ये डानेरी, लॉइंजर आणि प्रॉस्पेरी या तीन इटालियनांनी दाखवले की मोठ्या उपकरणातली उष्णतागतिकीच मिश्रणाचा निकाल लावते. रोझेनफेल्ड यांनी त्यांची बाजू उचलून धरली. विग्नर आणि त्यांचे साथीदार मान्य करीनात. या भांडणातून झालेला फायदा असा की क्वांटमच्या पायाबद्दल प्रश्न विचारणे हा नोकरी गमावण्याचा विषय राहिला नाही, निदान काही ठिकाणी तरी. नोबेलविजेत्याच्या सावलीत काही तरुणांना उभे राहता आले.

त्यांतला एक अब्नर शिमोनी. तत्त्वज्ञानात एक डॉक्टरेट झाल्यावर विग्नर यांच्याकडे येऊन त्यांनी भौतिकीत दुसरी घेतली. १९६३मध्ये त्यांनी गुरूच्या कल्पनेची चिकित्सा करणारा निबंध लिहिला. जाणिवेमुळे साखळी तुटते याला मानसशास्त्रात पुरावा नाही, असा त्यांचा आक्षेप. तो लिहायला प्रोत्साहन विग्नर यांचेच होते. १९६९मध्ये शिमोनी, जॉन क्लॉजर आणि इतर दोघांनी जॉन बेल यांची असमानता प्रयोगशाळेत तपासण्याजोगी करून दिली. त्या वाटेवरच्या कामासाठी क्लॉजर यांना २०२२मध्ये नोबेलचा वाटा मिळाला.

आता या गोष्टीतला सर्वांत गमतीचा प्रयोग. विग्नर यांची कल्पना खरी असेल, तर आधी कोणी पाहून गेलेली घटना आणि कोणीच न पाहिलेली घटना यांत काही तरी फरक असणार. तो फरक माणसाला जाणवतो का? १९७०च्या दशकात बोस्टनमध्ये शिमोनी यांनी तीन विद्यार्थ्यांसह हे चक्क करून पाहिले. एक किरणोत्सारी स्रोत, त्याला जोडलेला गणक आणि वेगवेगळ्या जागी बसलेले दोन निरीक्षक. पहिला कधी आकडा पाही, कधी पाहत नसे. क्षणभराने दुसरा तोच आकडा पाही आणि आधी कोणी पाहिला होता का ते नुसत्या जाणिवेवरून सांगण्याचा प्रयत्न करी. १९७७मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: उत्तरे निम्मी बरोबर, निम्मी चूक. अंदाजाने ठोकून दिली असती तरी हेच झाले असते. प्रयोग करणाऱ्यांनाही दुसरी अपेक्षा नसावी, पण तपासता येण्यासारखे आहे तर तपासून पाहावे, ही वृत्ती विग्नर यांच्या शिष्याला शोभणारी आहे.

विग्नर यांचे मत बदलायला खरे निमित्त झाले ते हायडेलबर्गचे डीटर त्से. १९७०च्या आधी त्यांनी एक निबंध लिहिला होता. आपण वस्तू एकटी, जगापासून तुटलेली मानतो आणि तिथेच फसतो, असे त्यात म्हटले होते. उपकरण असो वा मित्र, काहीच एकटे नसते. हवेचे रेणू आणि प्रकाशाचे कण त्यांच्यावर सतत आदळत असतात, आणि मिश्रणाची खूण त्या गर्दीत जवळजवळ तत्काळ विखरून जाते. पुढे या प्रक्रियेला डीकोहिरन्स हे नाव पडले. त्से यांच्या निबंधाला नियतकालिकांनी नकार दिले. त्यांच्या संस्थेतले वडीलधारे म्हणजे तेच येन्सेन, विग्नर यांचे नोबेलमधले भागीदार. येन्सेन यांनी निबंध मतासाठी रोझेनफेल्ड यांच्याकडे पाठवला. उत्तर इतके जहाल आले की या विषयात पुढे काही केले तर तुमची कारकीर्द संपेल, असे येन्सेन यांनी त्से यांना बजावले. विग्नर यांनी मात्र निबंध वाचून प्रकाशनाचा आग्रह धरला आणि 'फाउंडेशन्स ऑफ फिजिक्स' या नव्या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षी तो छापून आला.

हा निबंध विग्नर यांच्या सिद्धांताखालची जमीन काढून घेत होता. हे त्यांना कळायला वेळ लागला, पण कळले. १९७०चे दशक संपेपर्यंत त्यांनी जाणिवेचा सिद्धांत सोडला होता. पुढे त्यांनी स्वतः हिशेब करून दाखवला: टंगस्टनचा एक घन सेंटिमीटरचा तुकडा आकाशगंगांमधल्या पोकळीत नेऊन ठेवला, तरी विश्वात सर्वत्र भरून राहिलेले सूक्ष्मतरंगांचे प्रारण त्याला गाठते आणि तो एकटा राहू शकत नाही. मग बंद दारामागचा श्वास घेणारा, बोलणारा मित्र एकटा कुठून असणार? मोठ्या वस्तूंसाठी समीकरणच दुरुस्त करायला हवे, असे मत त्यांनी आता मांडायला सुरुवात केली.

दुसरे कारण जुनेच होते. जाणिवेने निवड होते असे मानले तर माझ्यापुरती शेवटची निवड माझी जाणीव करते. मग मित्राची जाणीव कुठे बसवायची? धागा ओढत गेले की फक्त मी खरा आणि बाकी सगळे माझ्या जाणिवेतले देखावे, इथवर जाऊन पोचतो. ज्या मित्राला अधांतरी लटकू द्यायचे नाही म्हणून हा खटाटोप केला, तोच पुन्हा नाहीसा होत होता. विग्नर यांना हे लाजिरवाणे वाटले आणि त्यांनी तसे लिहिले.

योगायोग असा की ते बाहेर पडत होते तेव्हाच या कल्पनेची जत्रा भरत होती. १९७५मध्ये बर्कलेतल्या काही बेकार आणि अर्धबेकार तरुण भौतिकशास्त्रज्ञांनी क्वांटम, योग आणि परामानसशास्त्र यांवर बोलायला एक मंडळ काढले. त्याच वर्षी फ्रित्योफ काप्रा यांचे 'द ताओ ऑफ फिजिक्स' निघाले आणि धडाक्याने खपले. जानेवारी १९७९मध्ये ह्यूस्टनला अमेरिकन विज्ञानसंघटनेच्या अधिवेशनात जाणिवेवर एक परिसंवाद झाला. विग्नर आणि त्यांचे प्रिन्स्टनचे जुने सहकारी जॉन व्हीलर यांना परामानसशास्त्रज्ञांच्या पंगतीत बसवले होते. व्हीलर भडकले, या मंडळींना विज्ञानाच्या कार्यशाळेतून बाहेर काढा, अशी मागणी त्यांनी केली. विग्नर शांत राहिले. जाणीव हा विज्ञानाचा विषय व्हावा असे त्यांना शेवटपर्यंत वाटत होते. तिच्यामुळे अणूचा निकाल लागतो, एवढे फक्त त्यांनी मागे घेतले होते.

उतारवयात त्यांना वेदान्ताची ओढ वाटू लागली. श्रोडिंगर यांच्या बाबतीत क्रम वेगळा होता. ते तरुणपणापासून उपनिषदे वाचत होते. विग्नर वेदान्ताकडे आले ते सिद्धांत सोडल्यानंतर, आणि त्या वाचनातून त्यांनी भौतिकीचे कोणतेही विधान काढले नाही. वेदान्ताने त्यांना क्वांटमची कल्पना दिली किंवा क्वांटमने वेदान्त सिद्ध झाला, ही दोन्ही वाक्ये म्हणूनच निराधार आहेत. १ जानेवारी १९९५ला प्रिन्स्टनमध्ये त्यांचे निधन झाले.

मित्र मात्र धन्यापेक्षा दीर्घायुषी निघाला. २०१८मध्ये झुरिकच्या दानिएला फ्राउखिगर आणि रेनाटो रेनर यांनी दोन मित्र आणि बाहेरचे दोन विग्नर घेऊन दाखवले की क्वांटमचे नियम सगळ्यांनी सारखेच वापरले तर त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी भांडतात. २०१९मध्ये एडिनबरोच्या गटाने सहा फोटॉन घेऊन प्रयोग केला. त्यात 'मित्र' म्हणजे एक फोटॉनच, आणि फोटॉनला निरीक्षक का म्हणायचे या आक्षेपाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. पाठोपाठ ब्रिस्बेनच्या ग्रिफिथ विद्यापीठातल्या गटाने प्रश्न आणखी आवळला: मित्राचे निरीक्षण हे खरोखर घडलेले, सगळ्यांसाठी एकच असलेले तथ्य मानायचे असेल, तर इतर काही फार साध्या वाटणाऱ्या गृहीतकांपैकी एखादे सोडावे लागते.

याच गटातले हॉवर्ड वाइझमन आणि एरिक काव्हलकांती यांनी नासाच्या एलिनॉर रीफेल यांच्यासह २०२३मध्ये पुढच्या प्रयोगाची रूपरेषा मांडली. तीत मित्र फोटॉन नाही आणि माणूसही नाही. प्रचंड क्वांटम संगणकावर चालणारा, माणसाच्या तोडीची बुद्धी असलेला एक प्रोग्राम त्या बंद खोलीत बसेल, ठिणगी पाहील, काय दिसले ते स्वतःशी ठरवेल आणि मग त्याची सगळी गणना उलटी फिरवून त्याला पुन्हा पहिल्या स्थितीत आणले जाईल. आजच्या कोणत्याही यंत्राच्या हे आवाक्याबाहेरचे आहे. पण प्रयोगाचा अर्थ लावायला जी गृहीतके लेखकांनी लिहून ठेवली आहेत, त्यांत एक विग्नर यांनी लगेच ओळखले असते: माणसाइतकी बुद्धी दाखवणाऱ्या त्या प्रोग्रामला विचार असतात, हे आपण मान्य करणार का.